भज्याची भूक

आमचा भज्या जेवत नाही, असं मी लेकीला तीन महिने बिनदिक्कत ठोकून देत होते.

सुरुवातीला खरंच जेवत नव्हता. मृणाल नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली आणि तिचा हा लाडका कुत्रा चार दिवस दाराकडे तोंड करून बसला. मी आपली वरणभात कालवतेय, पोळी तुपात बुडवतेय, घास घेऊन त्याच्यामागे फिरतेय. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर ते, फिरून फिरून फिरणार किती! शेवटी मृणाल रोज संध्याकाळी आठला व्हिडिओ कॉल करायला लागली. "खा रे राजा," असं तिने दहादा म्हटलं की स्वारी खायची. मग मृणाल पाच मिनिटं माझ्याशी बोलायची.

जवळच्या मुनिरकातल्या जनावरांच्या डॉक्टरने मात्र मलाच झापलं. "आंटी, लाड़ बंद. सुबह आठ, शाम सात. कटोरा रखो, पंद्रह मिनट में उठा लो."

मेल्याला काय कळतंय, असं म्हणतच मी ते केलं. पहिल्या दिवशी वाडगा भरलेलाच उचलावा लागला. तिसऱ्या दिवशी बरोब्बर सातला भज्या हजर, आणि दहा मिनिटांत वाडगा चाटूनपुसून लख्ख.

आनंदाने मृणालला फोन लावायला गेले आणि हात थांबला. हा आपलाआपण जेवायला लागला तर ती रोज कशाला फोन करेल? रविवारी करेल. कशी आहेस, बरी आहे, चलो बाय.

मग काय, सातला त्याला पोटभर घालायचं आणि आठला पुन्हा वाडगा भरून फोनसमोर ठेवायचा. भरल्या पोटी तो ढिम्म हलायचा नाही. तिकडून ही अर्धा तास विनवण्या करायची, तेव्हा कुठे तिच्या शब्दाखातर चार घास खायचा. मी तिचं तोंड बघत बसायचे.

"अगं, लाज वाटू दे जरा," आमचे हे पेपरामागून म्हणायचे.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हीही कान देऊन ऐकताच ना!"

काल मृणाल मध्येच थांबली. "आई, त्याला जरा पूर्ण दाखव गं."

दाखवला. लपवणार कुठे? ढेरी सतरंजीवर पसरली होती.

"हा उपाशी कुत्रा?"

मला रडूच फुटलं. "जेवतो गं तो, शहाण्यासारखा. मीच खोटारडी. तू रोज दिसावीस म्हणून केलं सगळं."

मला वाटलं, आता ही चिडणार.

"महिनाभर दिसतंय मला," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम बोलले नाही. इथे दिवसभर इंग्रजी, आई. त्याला 'खा रे राजा' म्हणते तेवढंच मराठी. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझी ऑफिसातली दुपार; तिथे सांगितलंय, कुत्रा आजारी आहे. नुसती घरची आठवण येते म्हणून रोज उठू देतील का मला?"

यांनी पेपर खाली ठेवला.

"आता त्याचं आठचं जेवण बंद कर," मृणाल नाक ओढत म्हणाली. "फोन मी करेनच."

"आणि ऑफिसात काय सांगशील?"

"सांगेन, आता आई जेवत नाही."

मी हसले. फोन ठेवला, पानं घेतली. आणि खरंच सांगते, एक घास घशाखाली उतरला नाही.