सिग्नलापलीकडचं हळदीकुंकू

मोहनवासला बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं, सिमेंटच्या डेपोवर राहायचं म्हणजे घर तरी पक्कं असेल. घराच्या भिंती दगडी होत्या, पण स्वयंपाकघराची जमीन उखणलेली. मी शेणानं सारवायची आणि दोन दिवसांत पुन्हा तिचे पोपडे निघायचे. दारातून समोर पाहिलं की शेडमध्ये पत्र्याला टेकलेल्या सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि इकडे माझ्या पाटाखालून मुंग्यांची रांग.

"एक पोतं," मी ह्यांना म्हटलं. "फार तर दीड."

ह्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसत. "कंट्रोलचा माल आहे. क्वार्टरच्या दुरुस्तीला वेगळी मंजुरी लागते."

"मग मागा मंजुरी."

"मागितली आहे."

ती मंजुरी आम्ही तिथून हलेपर्यंत आली नाही.

हे, म्हणजे वसंतराव, सरकारी बांधकाम खात्यात होते आणि डेपो त्यांच्या ताब्यात होता. साठ-एकसष्टच्या आसपासची गोष्ट. जयपूरहून निघालं की दुर्गापुरा, मग सांगानेर, आणि तिथून एक एकेरी फाटा रानात शिरायचा. त्या फाट्यावर मोहनवास. एक दिवसाआड एक मिक्स गाडी यायची. पुढे इंजिन, मागे सिमेंटच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, सगळ्यांत शेवटी माणसांचा एक डबा आणि गार्डाची गाडी. खरं तर ती गाडी माणसांची नव्हतीच. सिमेंटची होती; माणसांना तिनं नाइलाजानं शेपटीला बांधून घेतलं होतं.

आजूबाजूला मराठी माणूस औषधाला नव्हता. जयपुरात मात्र होती आपली मंडळी. कुणी विम्यात, कुणी बँकेत, कुणी लष्करात. चैत्र आला की त्यांच्याकडे चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू व्हायची. मी मिक्स गाडीनं जायची, तिलक नगरला शालिनीताईंकडे मुक्काम करायची, चार घरची आंब्याची डाळ खायची आणि ओटीचे हरभरे पदरात बांधून परत यायची. तीन चैत्र असे गेले. माझ्या घरी एकदाही कुणी आलं नव्हतं.

शालिनीताईंचे यजमान विमा कंपनीत मोठे साहेब. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला धार. तिसऱ्या चैत्रात माझी ओटी भरता भरता, पंधरा-वीस बायकांच्या देखत म्हणाल्या, "गिरिजा, तुझ्याकडे गौर बसते तरी का गं? मतलब, आम्ही कधी पाहिली नाही म्हणून विचारते. की नुसतं माहेरपण करायला येतेस इथे?"

बायका हसल्या. मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र ओटीचे हरभरे एकेक करून खिडकीबाहेर टाकत आले. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या चैत्रात ह्या सगळ्या माझ्या दारात उतरल्या पाहिजेत.

पुढच्या चैत्रात बोलावणं केलं. पण दिवस मिळेना. ह्या शुक्रवारी हिच्याकडे, त्या मंगळवारी तिच्याकडे, अमक्या दिवशी कुणाच्या मुलाची परीक्षा. सरतेशेवटी मला उरलेला दिवस मिळाला, अक्षय्य तृतीयेच्या आदला. शालिनीताई म्हणाल्या, "सिमेंटच्या गाडीनं यायचं? पांढऱ्या होऊन उतरू आम्ही." पण तारामती म्हणाली, "वहिनी, मी येणारच." ही एका मेजरांची बायको, सातवा महिना लागलेला, तरी हौस केवढी! तिच्यामुळे बाकीच्या तयार झाल्या.

गाडी दुपारी यायची. वाघिणी डेपोच्या सायडिंगला लावायच्या, आधीच्या रिकाम्या ओढून घ्यायच्या, आणि ऊन कलल्यावर परत जायचं. मधल्या वेळात हळदीकुंकू आरामात होणार होतं.

आठवडाभर मी राबले. जयपूरहून कैऱ्या मागवल्या. पायऱ्या मांडून त्यावर माझ्या लग्नातला शालू अंथरला, वर टांगलेल्या झोपाळ्यात गौर. टरबुजाचं कमळ कोरलं. खाली एक गाव मांडलं होतं. तळं, तळ्याला घाट, घाटावर बायका. तो घाट मातीचा केला की तडकायचा. मी ह्यांना म्हटलं, "मूठभर द्या. फाटक्या पोत्यातून सांडलेलं असतं ना, तेवढंच."

"सांडलेल्याचीसुद्धा नोंद असते," हे म्हणाले.

"गौरीचा घाट आहे हो."

"गौरीला सांग, कंट्रोल उठेपर्यंत मातीवर भागव."

स्वतःच्या विनोदावर ते हसले. मी तडे चुन्यानं बुजवले. सारवलेल्या जमिनीवर चैत्रांगण काढलं, आणि खोटं कशाला बोलू, फरशीवर ते इतकं उठून दिसलं नसतं.

आता माझं दुर्दैव बघा. राजस्थानात अक्षय्य तृतीया म्हणजे आखातीज. गावंच्या गावं लग्नाला उठतात. डेपोवरचे झाडून सगळे हमाल आठवड्यापूर्वीच पांगले होते. ह्यांनीच रजा दिल्या. "लग्नं आहेत लोकांची, अडवू कसा?" त्यामुळे आदल्या खेपेच्या वाघिणी सायडिंगवर भरलेल्याच उभ्या. आणि महिनाभर ज्या सिमेंटसाठी ह्यांनी तारांवर तारा केल्या होत्या, ते सगळंच्या सगळं नेमकं त्या दिवशी आलं.

मी हिरवं लुगडं नेसून, हातात गुलाबदाणी घेऊन फलाटावर उभी. इंजिन आलं, पुढे गेलं. मागून वाघिणी. आणखी वाघिणी. संपेचनात. शेवटी गाडी थांबली तेव्हा सगळा फलाट वाघिणींनी भरला होता आणि माणसांचा डबा पार सिग्नलापलीकडे, नाल्यावरच्या उंच भरावावर उभा होता. इथून खिडक्यांतले पदर तेवढे दिसत होते. एक हिरवा, एक जांभळा. कुणीतरी हात हलवला. मीही गुलाबदाणी हलवली.

डब्यातले गावकरी गाठोडी खाली फेकून, उड्या मारून बाभळीतून चालू लागले. माझ्या पाहुण्यांना ते जमणार नव्हतं. पायरीपासून जमीन पुरुषभर खाली, त्यात घसरती खडी, नऊवारी-पाचवारी शालू आणि तारामतीचा सातवा महिना.

गार्ड देवराम लाल-हिरवी निशाणं काखेत मारून फलाटावर आला. "बस पाँच मिनट, बहनजी. ये डिब्बे साइडिंग में डाल दें, फिर सवारी प्लेटफार्म पे लगाते हैं."

"साइडिंग भरा हुआ है," हे म्हणाले.

"तो खाली करवाइये, साहब."

"आदमी कहाँ हैं? सब आखातीज पर गए."

"तो ये माल मैं सिर पे उठाऊँ?"

दोघं कागद काढून भांडू लागले. इंजिन सुटून पुढे गेलं, शिटी वाजवून मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. शेपटीकडचा डबा तसूभरही हलला नाही. मी ह्यांची बाही ओढली.

"आधी माणसं उतरवा. पोती मग."

"अगं, गाडी पोत्यांची आहे."

"माझ्या पाहुण्या उन्हात भाजतायत तिथे!"

"एका पोत्याचा घोळ झाला तर मला जाब द्यावा लागतो, गिरिजा."

"आणि पाहुण्यांचा झाला तर?"

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पाच मिनिटं म्हणता म्हणता ऊन कलायला लागलं. दर वेळी शिटी झाली की मला वाटायचं, आता. घरात पन्हं कोमट झालं, डाळ वरून सुकली. मातीच्या घाटाला नवा तडा गेला. शेवटी मी ठरवलं, त्या येत नाहीत तर मी जाते. करंडा, अत्तरदाणी, डाळीचा डबा, हरभरे एका परातीत घेतले. पन्ह्याची कळशी मात्र उचलवेना.

"चला," मी ह्यांना म्हटलं.

देवरामसमोर त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कळशीकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ती खांद्यावर घेतली. डेपोचे साहेब टोपी सावरत, रुळाच्या कडेनं, माझ्यामागून पन्हं घेऊन चालले होते. डब्याशी पोचेपर्यंत निम्मं त्यांच्या कोटावर सांडलं होतं. वरून बायकांनी हात दिले, ह्यांनी खालून ढकललं, चपला खडीतच राहिल्या आणि मी एकदाची आत पडले.

"आली बाई गौर स्वतःच!" शालिनीताई पदरानं वारा घेत म्हणाल्या. त्यांचं कपाळ घामानं थबथबलं होतं आणि त्यावर सिमेंटची बारीक पूड बसली होती. "अगं, पण आम्ही हळदकुंकू वाहायचं कुणाला? त्या गार्डाला?"

"गौर घरी आहे. तुम्हाला आता नेतीलच फलाटावर. तोवर तहान तरी भागवा."

"वहिनी, आधी पन्हं!" तारामती म्हणाली. तिनं तीन भांडी प्यायली.

मी एकेकीला हळदकुंकू लावलं, मनगटावर अत्तर, ओटीत हरभरे. पानं घरीच राहिली होती, म्हणून डाळ तळहातावर. मी आरास सांगत होते, तळं कसं केलंय, कमळ कसं कोरलंय. एक जण म्हणाली, "आता बघूच की." शालिनीताईंनी डाळ चाखली. त्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा मला काय वाटलं ते मलाच ठाऊक.

तेवढ्यात इंजिन बाजूच्या रुळावरून धडधडत गेलं. इंजिनावरून देवराम ह्यांना वाघिणींबद्दल काहीतरी ओरडला, म्हणून ते फलाटाकडे पळाले. मग डब्याला धक्का बसला, परातीतले हरभरे सांडले.

"चला, लागली एकदाची!" मी ओरडले. "उतरायची तयारी करा गं. डाव्या हाताला आमचं घर दिसेल."

गाडी हलली. मी खिडकीशी बसून घर दाखवायला बोट वर केलं. समोरून बाभळी सरकू लागल्या, नाला गेला. डाव्या हाताला घर येईना. मग सिग्नल आमच्यापासून लांब जाताना दिसला, आणि त्याच्याही मागे फलाट, आणि फलाटावर हे, टोपी हातात घेऊन पळत.

इंजिन उलट्या बाजूनं जोडलं होतं. वाघिणी तशाच फलाटावर सोडून, देवराम आम्हाला घेऊन जयपूरला निघाला होता.

मी दारात जाऊन ओरडले. गार्डाच्या गाडीतून देवरामनं डोकं काढलं. "लाइन क्लियर मिल गई, बहनजी! अब नहीं रुक सकती!"

 मग शालिनीताईंना हसू फुटलं. त्यांच्यामागून सगळ्या. तारामती पोट धरून हसत होती, "वहिनी, यजमानीणबाईंनाच पळवून नेतोय तो!" मी सांडलेले हरभरे वेचत बसले. वर पाहिलं असतं तर रडले असते.

संध्याकाळी तिलक नगरला शालिनीताईंच्या घरी मी पोचले ती पायांत चपला नाहीत, हातात परात, लुगडं पांढरं. त्यांनी न्हाणीघरात पाणी काढून दिलं, आपली साडी दिली. जेवून उठल्यावर म्हणाल्या, "बस अशी पाटावर." त्यांची गौर लखलखत होती, खाली संगमरवरी फरशी. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळानं ओटी भरली. चौथ्या चैत्रातही पुन्हा त्यांच्याकडूनच. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

दोन दिवसांनी मिक्स गाडीनं परत आले. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. टरबुजाचं कमळ काळं पडलं होतं. ह्यांनी त्यांना जमेल तसा दहीभाताचा नैवेद्य दाखवून गौर हलवली होती. उरलेली डाळ कुठे गेली विचारलं तर म्हणाले, "मालन आली होती."

मालन डेपोवर झाडलोट करायची. लग्नाहून परतली होती, अजून लाल ओढणी, हातभर चुडा. "बाईसा, आपकी गणगौर इतने दिन बैठी रही?" ती डोळे मोठे करून म्हणाली. "हमारी तो कब की ससुराल गई! और वो तालाब... मैं सब लुगाइयों को बुला लाई. सबने देखा."

गावच्या सगळ्या बायकांनी पाहिलं होतं. चैत्रांगणावर त्यांच्या पावलांचे ठसे होते. ह्यांना वाटलं, मी खूश होईन. मी मालनला उरलेले हरभरे दिले, हसले. पण माणसानं खरं बोलावं. माझं समाधान झालं नाही. मला ते तळं त्या बायकांनाच दाखवायचं होतं.

त्या पावसाळ्यात बदली झाली. नंतरच्या चैत्रांत आम्ही कुठे कुठे असायचो, शालिनीताई कुठे कुठे. मोहनवासच्या स्वयंपाकघरात माझ्या मागून आलेल्या बाईंना फरशी मिळाली, असं कानावर आलं.

शालिनीताई आता पुण्यात मुलाकडे असतात. ऐकू कमी येतं, जीभ तशीच आहे. दर चैत्रात फोन करतात आणि दर चैत्रात तेच म्हणतात, "तुझ्याकडे आम्ही आलो होतो की गं हळदीकुंकवाला. काय डाळ होती!"

"आला नव्हता," मी मोठ्यानं सांगते. "सिग्नलापर्यंत आला होतात."

"तेच ते."

"तेच ते नाही, शालिनीताई. माझं घर सिग्नलाच्या आत होतं."