तळाशी लिहिलेली किंमत

त्या दुकानात किंमत कोणी विचारीत नसे. माल आला की सासरे कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक वस्तूच्या तळाशी आकडा लिहीत, आणि एकदा लिहिलेला आकडा वस्तू विकली जाईपर्यंत बदलत नसे. पन्नास वर्षांचे हे व्रत. गिऱ्हाईक वस्तू उलटी करी, वाची, पैसे देई. कोणी घासाघीस करू लागला तर शेजारचा न्हावी आपल्या उंबऱ्यातून म्हणे, "तिथं केसभरही कमी होणार नाही. केस कमी करायचे असतील तर इकडं या."

त्या दिवशी सकाळी घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला, तो सुनेने घेतला. परदेशी थर्मासवरचा आयातकर वाढला होता.

"वहिनी, खोकी बंदरात अडकलीत. कर भरला तरच सुटणार. सरकार माझ्याकडून घेतं, मी तुमच्याकडून, तुम्ही गिऱ्हाइकाकडून. गिऱ्हाईक मागं वळून बघतं, तर मागं कोणीच नाही."

"मग बारा थर्मासच्या पैशात आता किती येतील?"

"आठ."

फळीवर जुने बारा थर्मास होते. ते जुन्या भावाने गेले, तर फळीचा तिसरा हिस्सा रिकामाच राहणार. आज थर्मास, उद्या विजेऱ्या, परवा दाढीची पाती. दुकान असे फळीफळीने ओस पडेल. दुपारी सासरे पाठ टेकायला गेले, तेव्हा तिने नव्या किमतीच्या चिठ्ठ्या थर्मासच्या पोटांवर चिकटवल्या. तळाचे तिला भानच राहिले नाही. दुकानातले सारे भाव तिला मुखोद्गत. तळ पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

संध्याकाळी रुग्णालयातली परिचारिका आली. तिने सवयीने थर्मास उलटा केला, मग सुलटा केला.

"तळाला एक, पोटाला दुसरी. खरी कोणती गं?"

सून काही बोलण्यापूर्वीच आतून सासरे आले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही आकडे वाचले, आणि नखाने चिठ्ठी सोलून काढली.

"तळाची," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रुग्णालयातल्या बायकांनी उरलेले अकराही नेले.

"मामंजी, रिकाम्या फळीवर व्रत किती दिवस चालायचं?"

"सूनबाई, तो माल जुन्या भावात घेतलेला. त्यावर नवा कर आपण कुठं भरला होता?"

तिने रिकामी फळी फडक्याने पुसून घेतली.

आठवड्याने नवे थर्मास आले. आठ. पहिला सासऱ्यांनी मांडीवर उलटा धरला. मग त्यांनी आकडा लिहिला, आणि त्याखाली, आजवर कधी लिहिले नव्हते असे दोन शब्द: कर वाढला.

त्याच परिचारिकेची मैत्रीण सर्वांत आधी आली. तिने तळ वाचला. थर्मास दोन्ही हातांनी अलगद फळीवर परत ठेवला.

"पगार झाला की बघते, काका."

"बघा," सासरे म्हणाले.

न्हाव्याने उंबऱ्यातून हे सारे पाहिले. मग तो आपल्या दुकानात वळला. ती गेल्यावर सुनेने आठ थर्मास थोडे थोडे दूर सरकवून बारांची जागा भरून काढली. सासऱ्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली, आणि हातातच धरून ते दाराकडे पाहत राहिले.