पोलीस ठाण्यातला फ्रिज आणि सदानंदरावांचे इन्सुलिन

वस्तू जुनी झाली की तिला कुणी काही विचारत नाही, म्हणून मीच बोलायला लागतो. मित्रांनो, मी एक कमरेएवढा फ्रिज आहे. कधीकाळी पांढरा होतो, आता पिवळट पडलो आहे. दुबईपासून थोड्या आडबाजूला एका लहान पोलीस ठाण्याच्या मागच्या पडवीत माझा मुक्काम असतो.

माझी रचना अगदी साधी. पत्र्याची पेटी, वरच्या बाजूला बर्फाचा इवलासा कप्पा आणि आत एक गोल बटण. बटण जितके उजवीकडे फिरवाल तितका मी जास्त गार होतो. माझी पहिली नोकरी घरे विकणाऱ्या एका कचेरीत होती. तेव्हा इमारतीचा पाया खणण्याआधीच तिच्यातली घरे विकली जात. गिऱ्हाईक खुर्चीत टेकले की त्याच्या हाती माझ्यातला आंब्याचा रस यायचा. "वा, काय गार आहे!" हे कौतुक मी दिवसभर ऐकत असे.

मग २००८ सालची मंदी आली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. कचेरीतली माणसे कमी होत गेली आणि एका दुपारी कुणीतरी माझी वायर भिंतीतून उपसली, ती पुन्हा लावलीच नाही. बंद फ्रिजला आतून कुबट वास येऊ लागतो. त्या वासात मी बरेच महिने काढले. शेवटी कचेरीच्या सामानाचा लिलाव झाला आणि मी या ठाण्यात आलो.

इथे मला मुनीर भेटले. ते कोठडीचे प्रमुख हवालदार. त्यांचे वडील बलुची असल्यामुळे हिंदी त्यांना घरच्यासारखी येई. त्यांनी स्वतः मला सोड्याच्या पाण्याने पुसले आणि कोठडीच्या दाराबाहेर उभे केले.

त्या वर्षी ठाण्याला मानांकन मिळवायचे होते. मानांकन म्हणजे काय, ते सांगतो. ठाणे स्वतःचे नियम लिहून ठेवते आणि बाहेरचे तपासनीस येऊन ते खरोखर पाळले जातात का, हे पाहतात. कोठडीतल्या माणसाला आपल्या पायांनी दवाखान्यात जाता येत नाही की दुकानातून औषध आणता येत नाही. म्हणून त्याच्या जिवाची जबाबदारी ठाण्याची. त्यात हयगय झाली तर जाब ठाण्यालाच द्यावा लागतो. हे सगळे नीट बसवून देण्यासाठी पुण्याच्या मृणालिनीताई येत. त्या दुबईच्या बर दुबई भागात राहत आणि एका सल्लागार कंपनीत काम करत. त्यांच्या सांगण्यावरून कैद्यांची औषधे माझ्यात ठेवायला सुरुवात झाली.

ऑगस्टमध्ये रमजान आला. बाहेर ऊन नुसती आग पाखडत होते. त्याच दिवसांत शारजातल्या रोल्ला भागात राहणारे सदानंदराव कोठडीत आले. ते कंत्राटदार होते. त्यांच्या गाडीचा धक्का लागून एक माणूस जखमी झाला होता आणि इस्पितळाचा अहवाल येईपर्यंत त्यांना थांबवून ठेवले होते. त्यांना मधुमेह होता. रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन टोचल्याशिवाय त्यांना घास घेता येत नसे. त्यांच्या पत्नीने, कुमुदताईंनी, इन्सुलिनची कुपी आणून दिली. ती माझ्या मधल्या फळीवर ठेवली गेली.

आता इथली एक रीत ऐका. रोजा सोडताना ठाण्यात पोलीस आणि कैदी असा भेद नसतो. सगळ्यांना खजूर, सगळ्यांना लबन, म्हणजे ताकासारखे पेय. मुनीर म्हणाले, "इतनी गर्मी में मेहमान को गरम लबन पिलाएँ? ऐब है, शरम की बात है!" त्यांनी लबनच्या बाटल्या माझ्यात ठासून भरल्या आणि माझे बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवले. बाटल्यांच्या रेट्याने ती कुपी मागे सरकली, वर चढली आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी यायचे होते. संध्याकाळी शेवटची पाहणी करताना मृणालिनीताईंनी माझे दार उघडले. बाटल्या बाजूला केल्या आणि कुपी ओढून काढली. आतले औषध दगडासारखे गोठले होते.

मुनीर यांनी कुपी मुठीत धरली. "मॅडम, दो मिनट में पिघल जाएगी."

"पिघलेगी. दिखेगी भी एकदम साफ. लेकिन काम करेगी, इसका भरोसा नहीं."

"कल वो लोग आ रहे हैं. आज का दिन चुपचाप निकाल लेते हैं. इन्शाल्ला कुछ नहीं होगा."

"मुनीरभाई, पहले ऊँट बाँधो, फिर इन्शाल्ला बोलो. आप ही ने सिखाया था ना?"

कोठडीत सदानंदरावांपुढे ताट मांडलेले होते. ते हाक मारून म्हणाले, "ताई, सुई येतेय ना? भूक लागलीय हो. लबनकडे बघून तर जीव चाललाय!"

मुनीर यांनी मूठ उघडून पाहिली. कुपीतल्या बर्फाला पाणी सुटू लागले होते. ती टोचली असती, तर कुणाला कळलेही नसते. रात्रीतून सदानंदरावांची साखर चढली असती, तरीही कारण कुणाला कळले नसते.

मग त्यांनी कुपी टेबलावर ठेवली. "खलास. यल्ला, चलो, अँब्युलन्स को फोन करो. बोलो, नया इन्सुलिन लेके आए."

अजान झाली. बाकी सगळ्यांनी रोजा सोडला. मुनीर एक खजूर तोंडात टाकून फाटकाशी जाऊन उभे राहिले. अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी साखर तपासली, नवे औषध टोचले, आणि सदानंदरावांचे जेवण सुरू झाले. तेव्हा मुनीर त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"साहब, आपकी दवा मेरी वजह से जम गई थी. मैंने फ्रिज फुल कर दिया था."

सदानंदरावांनी लबनचा घोट घेतला. मग मृणालिनीताईंना मराठीत म्हणाले, "ह्यांना सांगा, लबन फारच झकास गार झालंय. पण माझाच बर्फ होणार होता की हो!"

ताईंनी ते हिंदीत सांगितले. मुनीर हसले नाहीत. झालेली चूक त्यांनी आपल्या नावानिशी लिहिली आणि सकाळी तपासनीसांच्या हाती सगळ्यात आधी तोच कागद दिला.

मानांकन त्या वर्षी मिळाले नाही. मुनीर यांची बढतीही राहिली. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. इस्पितळाचा अहवाल आला आणि सदानंदराव धडधाकट प्रकृतीने आपल्या पायांनी घरी गेले. औषधांसाठी कुलपाचा वेगळा फ्रिज आला. त्याला थंडी मोजणारा काटा आहे आणि त्यात पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाहीत. पुढच्या वर्षी मानांकन मिळाले. त्या दिवशी केक कापला गेला, तो मात्र माझ्यात ठेवला होता.

मित्रांनो, आता माझ्या दाराचे रबर फाटले आहे आणि मी धापा टाकत चालतो. माझ्यासाठी एवढेच करा, मला अधूनमधून पुसा आणि ठासून भरू नका. आणि ज्याला स्वतः उठून आपले औषध आणता येत नाही, असा कुणी तुमच्या भरवशावर असेल, तर त्याला गार लबन जरूर पाजा. फक्त त्याआधी त्याचे औषध हातात घेऊन पाहा. ते बिघडल्याची शंका आली, तर सगळ्यात आधी त्यालाच सांगा.