अकरा भांड्यांवरचं नाव

दाना ओली नावाच्या गल्लीत भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. गिऱ्हाईक चिठ्ठी देई. तिच्यातले आकार बघत मी पोलादी खिळ्यावर हातोडी मारी, ठिपक्याशेजारी ठिपका. आधी वरची रेघ, मग खालचं वळण. वळणावर ठिपके दाट, सरळ रेघेत विरळ. वाचता मात्र येत नव्हतं. ते मी बासष्टाव्या वर्षी शिकलो, नातीच्या पाटीवर.

तीच नात, अवंतिका, आता कॉम्प्युटरवर माझ्या ठिपक्यांचा फॉन्ट करते आहे. त्यासाठी जुन्या घरांतून भांड्यांचे फोटो काढून आणते.

"लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, मिठाईचा डबा, सगळीकडे शोभेल," ती म्हणते. "पण आजोबा, मोठ्या अक्षरातच. छोटं केलं की डॉट्स आपस में मिल जाते हैं."

फॉन्टला माझंच नाव, 'सूर्याजी', ठेवायचं तिने ठरवलं होतं. मी नको म्हटलं नाही. बरं वाटलं होतं.

काल तिने फॉन्टच्या प्रदर्शनाचं पोस्टर दाखवलं. मधोमध पितळी हंडा. "सबसे सुंदर 'मा' यावरच मिळाला."

मी वाचलं. मानसिंगराव.

हंडा शेजारच्या शांताताईंच्या माहेरचा. नवरा गेल्यावर त्यांनी आपली अकरा भांडी दिराच्या हाती माझ्याकडे पाठवली होती, आपलं नाव घालायला. दीर म्हणजे हे मानसिंगराव. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "वहिनींचं नाव आहे, नीट घाल." मी घातलं. पुढे घराच्या वाटण्या झाल्या आणि वरच्या नावावरून भांडी मानसिंगरावांची ठरली. शांताताई भांडल्या, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मला बोलावून विचारलं. मला वाचता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. सगळी गल्ली उभी होती. मी म्हणालो, "चिठ्ठीत वाचलं तेच घातलं."

आज सकाळी शांताताईंकडे गेलो. त्या ताटात तांदूळ निवडत होत्या.

"ताई, मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

"मला ठाऊक होतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दिवाळीला पत्रं यायची तुझ्या भावाची. माझ्याकडूनच वाचून घ्यायचास की."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले. माझं कोण ऐकतंय? तू म्हणायला हवं होतंस. भांडी गेली ते सोड. आईने दिलेल्या भांड्यांसाठी मी खोटी ठरले, सूर्याजी."

त्यांनी बस म्हटलं नाही. मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो.

घरी येऊन अवंतिकाला सगळं सांगितलं. "फॉन्टला माझं नाव नको. आणि पोस्टरवर लिही, हा हंडा धरून अकरा भांडी शांताताईंची. नाव घालणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि तो खोटं बोलला."

तिने ते पोस्टरवर टाकून बघितलं. मग म्हणाली, "आजोबा, एवढं बसणार नाही. अक्षर छोटं करावं लागेल, मग वाचता येणार नाही."

"मग हंडा छोटा कर," मी म्हणालो.