हवेतली गर्दी

ऑफिसात त्याला सगळे खबऱ्या म्हणत. गिऱ्हाइकांच्या इमारतींत छतांना चिकटलेल्या वाय-फायच्या डब्यांपैकी एखादीने मान टाकली, की तिथल्या माणसांच्या आधी ह्याच्या फोनला कळायचं. कुठल्या बिघाडाला लगेच बोंब मारायची, कुठल्याला थोडं थांबून, आणि कुठला किरकोळ म्हणून सोमवारच्या गोषवाऱ्यात ढकलायचा, हे ठरवणं हेच त्याचं काम. ऊठसूट सूचना यायला लागल्या की त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, हे तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावून सांगे.

आईच्या घरीही त्याने तशीच एक डबी बसवली होती. आई दूरच्या गावी एकटी राहायची आणि थोरला भाऊ तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. डबी बंद पडली की धाकट्याला सूचना यायची, मग तो दादाला फोन करायचा, जरा आईकडे डोकावून ये म्हणून. बाबा गेले तेव्हा आईने दोघांकडून एकच गोष्ट वदवून घेतली होती, की मला ह्या घरातून हलवायचं नाही. दोघांनी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. परस्पर कोणी काही ठरवायचं नाही, असं भावाभावांचंही बोलणं झालं होतं.

मध्यंतरी दादा वैतागला. जरा वीज गेली की तुझा फोन, मला काही कामधंदा आहे की नाही, असं त्याने सुनावलं. त्याचंही खरंच होतं. धाकट्याने चूक कबूल केली आणि डबी अर्धा दिवस बंद राहिली तरच सूचना यावी, असं करून टाकलं. अर्धा दिवस म्हणजे नक्की अर्धा दिवस ना, असं दादाने पुन्हा पुन्हा विचारलं. दादा ह्यात लक्ष घालायला लागला म्हणून ह्या भोळ्या सांबाला उलट बरंच वाटलं.

पुढे एका सोमवारी तो गोषवारा चाळत होता. आईच्या डबीपुढे एक किरकोळ इशारा होता: आजूबाजूला इतर वाय-फायची फार गर्दी. त्याला हसू आलं. आईचं घर गल्लीच्या टोकाला. तिथल्या डबीला आजवर शेजारच्या शिंप्याच्या वाय-फायखेरीज दुसरं काही सापडलं नव्हतं. यंत्राचीच काही गफलत असणार, असं समजून त्याने आत जाऊन पाहिलं. शिंपी गायब होता. त्याच्या जागी विसावा पहिला मजला, विसावा दुसरा मजला, विसावा भोजनगृह अशी नावं होती. विसावा म्हणजे गावाबाहेरचा वृद्धाश्रम.

मग त्याला उलगडा झाला. दादाने डबी घरातून उचलून नेली होती आणि अर्धा दिवस उलटायच्या आत तिथे लावून टाकली होती. ती मुदत ह्यानेच त्याला आपल्या हाताने आखून दिली होती. काल आई व्हिडिओवर बोलली, तेव्हा तिच्या मागे घरातलाच निळा पडदा होता. म्हणजे पडदासुद्धा नेला होता. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

त्याने फोन केला तेव्हा दादाने आधी आढेवेढे घेतले. मग घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय, आईचं आता वय झालंय, तू लांब बसून काय करणार, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. धाकट्याने पुढचं ऐकलंच नाही. त्याने आईला फोन लावला. मी निघालोय, तुला घरी घेऊन जातो, हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं.

"आई, तू विसाव्यात आहेस?"

"अरे, तुला माहीतच आहे की. दादा म्हणाला, तो विषय काढू नकोस, धाकट्याला आधीच वाईट वाटतंय."

"मला कशाचं वाईट वाटतंय?"

"तूच ठरवलंस ना हे. दादा बिचारा नको नको म्हणत होता, तू ऐकेनास." तिचा आवाज शांत होता, त्याचीच समजूत घालणारा. "असू दे. तुझ्याही अडचणी असतील. मी काही मनात ठेवलेलं नाही."

"आई, मी असं कधीच म्हणालो नाही."

"बरं," ती म्हणाली. लहानपणी तो खोटं बोलला की अगदी असंच म्हणायची. "जेवलास का?"