वाढलेला अर्धा इंच

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. अंगावर आकडे असल्यामुळे माझ्या थापासुद्धा लोकांना हिशेब वाटतात. सर्कशीतल्या हत्तीला विजार शिवली, तेव्हा त्याच्या पोटाला वळसा घालायला मी सकाळी निघाले ती संध्याकाळी परतले, असं मी नव्या कात्रीला सांगते. बिचारी तोंड उघडं टाकून ऐकते. पण आजची गोष्ट इंच न इंच खरी आहे.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, टोकांना पितळी पट्ट्या ठोकल्या आणि मी मास्तरांच्या दुकानात आले. "ही टेप कधी खोटं बोलत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी फुगून आणखी इंचभर लांब होत असे.

एकदा मास्तर मला खिशात टाकून गणवेशाचं कापड आणायला दुसऱ्या शहरी गेले. लॉजवर एका अनोळखी बाईबरोबर रात्र काढली. काळजी काही घेतली नाही. परतताना बसस्टँडच्या भिंतीवर एचआयव्हीच्या मोफत तपासणीची पाटी दिसली. मास्तर तिच्यासमोर इतका वेळ उभे राहिले, की बस सुटून गेली. तपासणीला मात्र गेले नाहीत. "ओळखीचं कुणी भेटलं तर?" एवढंच पुटपुटले.

हा आजार माणसाला वाळवतो, असं त्यांनी ऐकलं होतं. मग काय, मोजायचं काम आमच्याकडेच! रोज दुकान उघडलं, की ट्रायल रूमचा पडदा ओढून ते मला दंडाभोवती आणि कमरेभोवती गुंडाळत. धास्तीने जेवण सुटलं, त्यामुळे कंबर उतरली, आणि कंबर उतरली म्हणून धास्ती वाढली. पाठ दुखते असं सांगून ते दुकानातच झोपू लागले.

काजं-बटणं करणारे आबा एकदा पडद्याबाहेरून म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक तर दिसत नाही, मग माप कुणाचं? दुसरं लग्न ठरवलंय की काय?"

"गप्प बसा हो आबा. काजं करा."

डबा घेऊन आलेल्या वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, हसल्या नाहीत. "पाठ दुखते म्हणून कुणी घर सोडतं का? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा."

मास्तर डब्याचं झाकण पुसत राहिले.

महिने गेले. काहीच झालं नाही, तशी भूक परत आली. एका सकाळी कंबर अर्धा इंच जास्त भरली. मास्तरांनी माझ्या पितळी टोकाचा चक्क मुका घेतला. "आबा, सगळ्यांना चहा सांगा!" त्याच दिवशी गादी गुंडाळून ते घरी राहायला गेले.

मी खोटं बोलले नव्हते. कंबर खरंच वाढली होती.

पुढच्या वर्षी वहिनींना दिवस गेले. नेहमीच्या तपासण्यांत त्यांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. निरोप आला तसे मास्तर मला गळ्यातच घेऊन दवाखान्यात धावले. त्यांचंही रक्त घेतलं. तिथेही तेच. सिस्टरांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी लॉजवरची रात्र सांगितली.

सिस्टर आवाज उतरवून म्हणाल्या, "औषधं आहेत. रोज घेतलीत तर नीट जगाल, बाळालाही जपता येईल. पण तेव्हा दोन-तीन दिवसांत आला असतात, तर लागण टाळायचं औषध होतं. निदान नंतर तपासणी केली असतीत, तर ह्या तरी वाचल्या असत्या."

"तुम्हाला शंका होती?" वहिनींनी विचारलं.

"अगं, माप बरोबर येत होतं..."

वहिनींनी मला त्यांच्या गळ्यातून ओढून काढलं.

मित्रांनो, मी बाहेरून वळसा घालणारी. आत काय आहे ते रक्तच सांगतं. अशी धास्ती कधी मानगुटीवर बसली, तर पडदा ओढून मला विचारत बसू नका. दवाखाना गाठा आणि घरच्या माणसाला सांगा.

आता मी वहिनींच्या शिवणाच्या डब्यात असते. बाळ झालंय. त्याची शेवटची तपासणी अजून व्हायची आहे. काल झबलं बेतताना वहिनींनी मला त्याच्या छातीभोवती धरलं. कापडावर खूण करून झाली, तरी मला सोडीनात.

"अहो, बघा ना. अर्धा इंच वाढलाय ना?"

मास्तरांनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि हळूहळू गुंडाळलं.

"हिला नको विचारू," ते म्हणाले. "उद्या दवाखान्यात विचारू."