पाठीमागून ओतलेलं पाणी

वाहे रेग्यांच्या घरी राहायला आला तेव्हा त्याच्या दोन बॅगांपैकी एकीत नुसते बूटच होते. वीणाताईंनी ती बॅग दारातच उतरवून घेतली. ब्रिस्टलमधल्या त्याच्या लहानशा फुटबॉल क्लबला परदेशी खेळाडूंसाठी घरगुती खोल्या हव्या असत, आणि लेक देविका मिल्टन कीन्सला गेल्यापासून रेग्यांची वरची खोली रिकामीच होती. वीणाताईंना वाटलं होतं, अठरा-वीस वर्षांचं एखादं पोर येईल, त्याला चांगलंचुंगलं खाऊ घालू. आला तो चौतिशीचा, कपाळावरचे केस मागे हटलेला आर्मेनियाचा बचावपटू.

ग्युमरी नावाच्या गावात तो चेंडू लाथाडायला शिकला. मग येरेव्हान, मोल्दोव्हा, कझाकस्तान, सायप्रस, पोलंड असा विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पंधरा वर्षं हिंडला. देशाकडून सात सामने खेळला. अख्ख्या कारकिर्दीत गोल किती, तर चार, आणि त्यातला एक स्वतःच्याच संघावर. सगळ्यांत देखणा गोल तोच होता, असं तो स्वतः सांगायचा. असा माणूस वीणाताईंना न आवडला तरच नवल. आठवड्याभरात त्या त्याच्या काकू झाल्या आणि दीनानाथराव काका. दीनानाथरावांची हयात विमानाचे पंख तपासण्यात गेली होती आणि खेळ म्हणून त्यांना फक्त क्रिकेट कळत होतं. ‘वाहेचं हे लेफ्ट बॅक म्हणजे काय, तर थर्ड मॅन, पण जरा जास्त धावणारा,’ असं त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये सीझनच्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी वाहेची आई सिरानुश व्हिडिओ कॉलवर आली. तिनं हातवारे करत बरंच काही सांगितलं, वाहेनं त्याचं इंग्रजी केलं. मुलगा मोठ्या कामाला घराबाहेर पडला की त्याच्या पाठीमागे भांडंभर पाणी ओतायचं, अशी त्यांच्याकडची रीत. पंधरा वर्षं दर सुट्टी संपली की ती ओतत आली होती. आता मुलगा काकूंच्या दारातून निघणार, तर काकूंनी ओतावं.

वीणाताईंनी ‘हो हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली, त्यानं ती चाटूनपुसून खाल्ली, आणि गाडी निघाली. वीणाताई भरलेला तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण हात काही हलेना. साताऱ्याला त्यांच्या माहेरी माणूस बाहेर पडल्यावर लगेच केरसुद्धा काढत नसत. मागे पाणी पडायचं ते घरातून कुणाला कायमचं नेलं की. चांगल्या धडधाकट पोराच्या पाठीवर हे कसं करायचं? त्यांनी तांब्या सिंकमध्ये ओतून दिला.

त्या मॅचच्या तेविसाव्या मिनिटाला वाहेच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

मग ऑपरेशन, कुबड्या, बर्फाच्या पिशव्या. आठ महिने तो जिन्यावर एकेक पायरी चढउतार करून गुडघा घडवत होता, आणि वीणाताई त्याला वरण, भात, पालेभाजी, उकडलेली अंडी असं काय काय चारत होत्या. पाण्याची गोष्ट त्यांनी ना त्याला सांगितली ना नवऱ्याला. नवरा इंजिनियर. लिगामेंटचा आणि तांब्याचा काय संबंध, असं त्यानं विचारलं असतं. संबंध नाही हे त्यांनाही कळत होतं. पण मनाला कोण समजावणार?

मेमध्ये सीझनची शेवटची मॅच आली. वाहेचा करार त्याच महिन्यात संपणार होता, आणि करार गेला की व्हिसाही जाणार. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, तुला बेंचवर बसवतो, जमलं तर उतरवतो, गुडघा बघतो आणि मग ठरवतो. या वयात दुसरा क्लब विचारणार नाही, हे वाहेला ठाऊक होतं. म्हणजे आज जमलं नाही तर फुटबॉल संपला.

सकाळी तो दही-साखरेसाठी हात पुढे करून उभा राहिला आणि वीणाताईंना राहवलं नाही.

“वाहे, ऑगस्टमध्ये मी पाणी ओतलं नाही रे,” त्या म्हणाल्या, आणि माहेरच्या रीतीसकट सगळं सांगून टाकलं. “तुझ्या आईशी मी खोटं बोलले. तेव्हापासून मला चैन नाही.”

दीनानाथराव पेपर खाली ठेवून म्हणाले, “अगं, लिगामेंटचा आणि...”

“तुम्ही गप्प बसा हो.”

वाहे दही चाटत विचार करत होता. “काकू, ते पाणी जिंकण्यासाठी नसतं,” तो म्हणाला. “मोल्दोव्हात आम्ही सहा-शून्य हरलो, तेव्हाही आईनं ओतलं होतं. ते माणूस घरी परत यावा म्हणून असतं. आणि मी त्या दिवशी आलो की घरी. कुबड्या घेऊन आलो, पण आलोच ना?”

वीणाताईंच्या छातीवरचा नऊ महिन्यांचा धोंडा उतरला. त्यांनी तांब्या घेतला, काठोकाठ भरला, आणि गाडी हलताच फाटकापर्यंत पाण्याची धार सोडली. समोरच्या डेबोराबाई कुत्र्याला फिरवता फिरवता थांबून बघत राहिल्या. त्यांना वीणाताईंनी हसून हात केला.

दुपारी दोघं स्टेडियमवर गेले. सत्तराव्या मिनिटाला वाहे मैदानात उतरला आणि वीणाताईंनी दीनानाथरावांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शेवटच्या मिनिटाला वाहेच्या संघाचा गोलकीपर पुढे धावून फसला, चेंडू रिकाम्या गोलकडे निघाला, आणि वाहे कुठूनसा धावत येऊन त्याच गुडघ्यावर घसरत गेला. त्याचा पाय लागून चेंडू गोलच्या रेषेवरूनच बाहेर गेला. वाहे आडवाच पडला होता.

“उठला का हो?” वीणाताईंनी डोळे मिटून विचारलं.

“उठतोय. उठला. च्यायला, पळतोय की!”

चाळीस वर्षांच्या संसारात दीनानाथरावांच्या तोंडून त्यांनी हा शब्द प्रथमच ऐकला. मॅच शून्य-शून्य सुटली. शून्यासाठी माणसं एवढी नाचतात हे दोघांनाही नवीन होतं, पण तीही नाचली. संध्याकाळी वाहे घरी आला तो दोन वर्षांचा करार घेऊन. दुसऱ्या वर्षी त्यानं खेळताखेळता मुलांना शिकवायचं होतं. वीणाताईंनी आधी त्याचा गुडघा बघितला आणि मग कागद.

जूनअखेरीस साताऱ्याला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. सामान टॅक्सीत चढलं, दोघं आत बसली, वाहे दारात उभा होता. टॅक्सी सुटली आणि मागच्या काचेवर धबाधब पाणी आदळलं. पठ्ठ्यानं तांब्या न घेता गाडी धुवायची लाल बादलीच आणली होती. ड्रायव्हर दचकून थांबला.

“काही नाही, निघा तुम्ही,” दीनानाथराव म्हणाले. “आमच्याकडे अशी पद्धत आहे.”

वीणाताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. साताऱ्याहून निघताना दर खेपेला त्या ‘येते’ म्हणत आल्या होत्या. ब्रिस्टलहून निघताना असं म्हणायला दारात कधी कुणी नसायचंच. त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या वाहेला मराठीतच म्हणाल्या, “येते रे.”